कंडाइलचा मार्ग नक्की कुठल्या बिंदूचा? निरोगी जबड्याच्या डिजिटल मॉडेलबद्दल एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रोस्थोडॉन्टिक्सच्या (कृत्रिम दात आणि कवळ्यांच्या शाखेच्या) दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीनं एम.डी.एस.च्या प्रबंधासाठी 20 निरोगी प्रौढांच्या जबड्याच्या सांध्याचं हलतं डिजिटल मॉडेल करायला घेतलं आहे. हाडं सीबीसीटीवरून (क्ष-किरणांनी काढलेल्या त्रिमितीय स्कॅनवरून), दात तोंडात फिरवायच्या इंट्राओरल स्कॅनवरून आणि हालचाल कॅमेऱ्यावर चालणाऱ्या ट्रॅकरवरून. 11 जणांचं काम झालं आहे. त्यांतल्या 7 जणांत डाव्या आणि उजव्या कंडाइलचा, म्हणजे खालच्या जबड्याच्या सांध्यातल्या डोक्याचा, मार्ग 1 ते 2 मिलिमीटरनं वेगळा येतो. दोघांत तर पूर्ण आ केल्यावर कंडाइल वरच्या हाडात घुसलेला दिसतो. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: ही माणसं खरंच निरोगी म्हणायची का, कंडाइलवरचा कुठला बिंदू धरायचा, आणि ज्यांच्यात कंडाइल घुसलेला दिसतो त्या दोघांना गाईड म्हणतात तसं यादीतून काढायचं का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते तातडीचं आहे. त्या दोघांना काढू नका. निरोगी माणसाचा कंडाइल हाडात घुसू शकत नाही, हे मॉडेल न बघताही आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे त्या दोन फाइलींमध्ये चूक आहे आणि ती डोळ्यांना दिसते आहे. बाकीच्या 9 जणांत तेवढीच चूक असेल, पण हाडापासून लांब जाणाऱ्या दिशेनं असेल, तर ती दिसणारच नाही. दिसलेली चूक काढून टाकली की उरलेला डेटा स्वच्छ वाटायला लागतो. तो स्वच्छ झालेला नसतो.

मी 22 वर्षं कवळ्या, ब्रिज आणि झिजलेल्या दातांची पूर्ण तोंडाची कामं करते आहे, आणि त्यातली शेवटची 9 वर्षं ट्रॅकर हाताळते आहे. या काळात एक गोष्ट मला पक्की पटली, आणि तुमच्या तिन्ही प्रश्नांचं मूळही तिथंच आहे. ‘कंडाइलचा मार्ग’ नावाची कुठलीही वस्तू तोंडात सापडत नाही. खालचा जबडा हे एक अख्खं हाड आहे. ते एकसंध हलतं, फिरतं आणि सरकतं. त्यातला एक बिंदू आपण निवडतो आणि त्याचा माग काढतो. बिंदू बदलला की मार्ग बदलतो, तोच माणूस आणि तोच आ असला तरी. त्यामुळे आधी बिंदू, मग आपल्या मोजमापाची चूक किती ते, आणि या दोन्हींनंतरच डावं-उजवं.

इतर वाचकांसाठी सांध्याबद्दल दोन शब्द. कानाच्या अगदी पुढं दोन्हीकडं बोटं ठेवून हळूहळू आ केला, तर बोटाखाली काहीतरी पुढं सटकल्यासारखं वाटतं. तो कंडाइल, खालच्या जबड्याचं गोलसर डोकं. त्याच्या वर कवटीची खाच आहे, खाचेच्या पुढं हाडाचा उंचवटा आहे, आणि मध्ये दोन्ही बाजूंनी खोलगट अशी चकती, म्हणजे डिस्क. सांधा दुमजली आहे. चकतीच्या खालच्या मजल्यावर कंडाइल प्रामुख्यानं फिरतो, वरच्या मजल्यावर चकती आणि कंडाइल मिळून उंचवट्यावरून पुढं-खाली सरकतात. शिवाय डावा आणि उजवा सांधा एकाच हाडाला जोडलेले आहेत, त्यामुळे एकाला दुसऱ्यावाचून हलता येत नाही. शरीरात अशी जोडी विरळाच.

स्वीडनच्या उल्फ पॉसेल्ट यांनी 1952 साली खालच्या पुढच्या दाताच्या टोकाच्या सगळ्या कमाल हालचाली एकत्र करून जी आकृती काढली, ती आपण पहिल्या वर्षापासून गिरवतो. तिच्यात पहिले 20 ते 25 मिलिमीटर जबडा नुसता बिजागरीसारखा फिरतो आणि मग सरकायला लागतो. ते खरं आहे, पण डॉक्टरनं जबडा हातानं मागं धरून हलवला तर. खुर्चीत बसलेल्या माणसानं आपल्या मनानं आ केला, तर फिरणं आणि सरकणं जवळजवळ सुरुवातीपासून बरोबरच चालतं. हा नव्या कॅमेऱ्यांनी लावलेला शोधही नाही. 1889 साली अमेरिकेत ल्यूस यांनी जबड्याला चकाकणारे मणी लावून सूर्यप्रकाशात त्यांचे माग फोटोच्या काचेवर उतरवले होते. 1908 साली इंग्लंडमध्ये नॉर्मन बेनेट यांनी स्वतःच्या जबड्याला छोटे दिवे लावून हालचाल टिपली, आणि जबड्याला फिरण्याचं एकच स्थिर केंद्र नाही, ते सतत बदलतं, असं स्वच्छ लिहून ठेवलं. बाजूच्या हालचालीच्या कोनाला त्यांचं नाव मिळालं आणि तेच परीक्षेत विचारतात. केंद्र बदलत राहतं हे त्यांचं निरीक्षण मात्र मला शिकताना कुणी सांगितलं नव्हतं, आणि तुमच्या प्रबंधाला तेच जास्त उपयोगी आहे.

कागदावर एक हिशेब करून बघा. समजा तुमच्या स्वयंसेवकाचा जबडा पूर्ण आ करताना 28 अंश फिरला आणि कंडाइलच्या मध्यावरचा बिंदू 14 मिलिमीटर पुढं-खाली सरकला. म्हणजे दर अंशाला अर्धा मिलिमीटर. एक अंश म्हणजे 0.01745 रेडियन. अर्ध्या मिलिमीटरला त्यानं भागलं की साधारण 29 येतात. याचा अर्थ, त्या क्षणी जबडा ज्या अक्षाभोवती फिरतो आहे, तो कंडाइलपासून जवळपास 3 सेंटिमीटर खाली आणि मागं आहे. कंडाइलमधून जाणारी सळई आणि तिच्याभोवती फिरणारा जबडा हे आर्टिक्युलेटरचं, म्हणजे जबड्याच्या हालचालीची नक्कल करणाऱ्या यंत्राचं, चित्र आहे, माणसाचं नाही. झुरिकच्या गॅलो, पाला आणि सहकाऱ्यांनी 1997 साली त्रास नसलेल्या लोकांमध्ये हा फिरता अक्ष क्षणाक्षणाला मोजून दाखवला, आणि प्रत्येक माणसात त्याची वाट निराळी निघाली. तुमच्या प्रबंधात हा अक्ष काढणार असाल तर एक पथ्य पाळा: लागोपाठच्या दोन फ्रेममधून तो काढू नका. फिरण्याचा टप्पा जितका लहान, तितकी अक्षाच्या जागेतली चूक फुगते. निदान दोन अंशांचा टप्पा घ्या.

आता बिंदू. जबडा 28 अंश फिरतो आहे आणि तुम्ही एकमेकांपासून 10 मिलिमीटरवर असलेले दोन बिंदू धरलेत, एक कंडाइलच्या माथ्यावर आणि एक मानेवर. पूर्ण आ केल्यावर त्या दोघांच्या सरकण्यात 4.8 मिलिमीटरचा फरक पडतो. 10 ला 14 अंशांच्या साइननं गुणा आणि दुप्पट करा, एवढंच गणित आहे. अंतर 10 ऐवजी फक्त 3 मिलिमीटर असेल, तर फरक 1.5 मिलिमीटर येतो. तुम्हाला 7 जणांत सापडलेला डाव्या-उजव्यातला फरक 1 ते 2 मिलिमीटरचा आहे. डावीकडचा बिंदू उजवीकडच्यापेक्षा 3 मिलिमीटर वर किंवा पुढं बसला असेल, तर तेवढ्यानंच तुमचा फरक तयार होतो. कंडाइल आडवा सुमारे 20 आणि पुढून मागं सुमारे 10 मिलिमीटर असतो. त्याच्यावर हातानं टिचकी मारून बिंदू ठेवताना 3 मिलिमीटर इकडंतिकडं होणं सहज शक्य आहे.

सॉफ्टवेअर आपणहून देतं तो बिंदू चालेल का? काम चालवायला चालेल, प्रबंधाला नाही. अशा बिंदूमागं बहुतेक वेळा सरासरी माप असतं. बॉनविल यांनी 19 व्या शतकात दोन कंडाइल आणि खालचे पुढचे दात यांच्यात 4 इंचांचा समभुज त्रिकोण कल्पिला, आणि आजही बऱ्याच आर्टिक्युलेटरमध्ये दोन कंडाइलमधलं अंतर 110 मिलिमीटर गृहीत धरलेलं असतं. किंवा मग तुम्ही फेसबोसारखं (वरच्या जबड्याची जागा आर्टिक्युलेटरवर नेणाऱ्या चौकटीसारखं) कानापुढं 13 मिलिमीटरवर कातडीवर खूण केलेली असते. कातडीवरचा बिंदू कंडाइलच्या मध्यापासून दोन-अडीच सेंटिमीटर बाहेर असतो. आ करताना त्यानं फार बिघडत नाही. पण बाजूला सरकताना जबडा उभ्या अक्षाभोवती 6 अंश वळला, तर 25 मिलिमीटर बाहेरचा बिंदू 2.6 मिलिमीटरची अशी हालचाल दाखवतो जी सांध्यात झालेलीच नाही. कित्येक निरोगी माणसांच्या नावावर मोठी बेनेट हालचाल, म्हणजे जबड्याचं बाजूला सरकणं, अशी चढलेली आहे.

माझं मत असं: मुख्य निष्कर्षासाठी गतीचं केंद्र वापरा, ज्याला किनेमॅटिक सेंटर म्हणतात. मूळ विचार जपानच्या कोहनो यांचा, 1960च्या दशकातला. पुढं 1995 साली ॲमस्टरडॅमच्या नाये यांच्या गटानं तो नीट मांडला. कल्पना सरळ आहे. कंडाइल गोलसर आहे आणि तो चकतीसह उंचवट्यावरून घसरतो. आ करताना तो फिरत-फिरत घसरतो, जबडा नुसता पुढं काढताना फारसा न फिरता घसरतो. गोल वस्तूचा मध्य पृष्ठभागापासून कायम सारख्या अंतरावर राहतो, मग ती फिरो किंवा न फिरो. म्हणून ज्या बिंदूचे हे दोन्ही मार्ग एकमेकांवर बसतात तो मध्य. कंडाइलभोवती बाजूच्या प्रतलात 1 मिलिमीटर अंतरानं बिंदूंची जाळी टाका, प्रत्येक बिंदूचे दोन्ही मार्ग काढा, दोन मार्गांमधलं अंतर सगळ्यात कमी कुठं येतं ते बघा. संगणकाला हे काही सेकंदांचं काम आहे. यात हाताची टिचकी नाही, त्यामुळे डावा आणि उजवा बिंदू एकाच नियमानं ठरतो. मर्यादाही लिहा: जबडा पुढं काढताना कंडाइल 8 ते 10 मिलिमीटरच जातो, म्हणून त्यापुढच्या वाटेवर हा बिंदू बरोबर आहे असं आपण गृहीत धरतो, तपासलेलं नसतं.

सोबत कंडाइलच्या मेशचा (त्रिकोणांच्या जाळीनं बनलेल्या डिजिटल पृष्ठभागाचा) भूमितीय मध्यही घ्या आणि दोन्हींचे आकडे शेजारी-शेजारी द्या. आणि काहीही झालं तरी प्रत्येक फ्रेमचे मूळ मॅट्रिक्स जपून ठेवा. चार ओळी, चार स्तंभ, एवढ्यात त्या क्षणीच्या जबड्याची सगळी स्थिती असते. त्यावरून पाच वर्षांनी कुणालाही हवा तो बिंदू धरून मार्ग काढता येईल. नुसत्या कंडाइलच्या आलेखाचा स्क्रीनशॉट ठेवलात तर तुमची मेहनत त्या एका बिंदूपुरतीच उरते.

आता चुकीकडं येते, कारण हाडात घुसणारा कंडाइल इथून निघतो. तुमचा ट्रॅकर कंडाइल बघत नाही. तो दातांना चिकटवलेली खूणपट्टी बघतो आणि तिथून सुमारे 100 मिलिमीटर मागं असलेल्या कंडाइलची जागा हिशेबानं काढतो. लांब काठीच्या एका टोकाला थोडं हललं तर दुसऱ्या टोकाला पुष्कळ हलतं, तसंच हे. 1 अंशाची चूक 100 मिलिमीटरवर 1.75 मिलिमीटर होते. 0.3 अंशाची चूक, जी कॅमेऱ्याच्या आलेखावर दिसतही नाही, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त होते. निरोगी सांध्यात हाडाहाडातली फट सीबीसीटीवर साधारण 2 ते 3 मिलिमीटर असते. म्हणजे कंपनीनं माहितीपत्रकात छापलेली अचूकता कितीही बारीक असो, ती खूणपट्टीजवळची असते, कंडाइलजवळची नाही. ती तुम्हालाच काढावी लागते.

माझ्या पहिल्या मालिकेत अगदी तुमच्यासारखंच झालं होतं. काही जणांत आ करण्याच्या शेवटच्या टप्प्यात कंडाइल उंचवट्यात मिलिमीटरभर शिरत होता. मी तीन आठवडे सेगमेंटेशनचे, म्हणजे स्कॅनमधून हाड वेगळं काढण्याचे, उंबरठे वर-खाली करत बसले, सीबीसीटी पुन्हा-पुन्हा जुळवला. एका संध्याकाळी ट्रॅकरचे आकडे बाजूला ठेवून मी नुसता व्हिडिओ पाहिला. मोठा आ करताना माणसं भुवया उंचावतात. जवळजवळ सगळीच. माझी डोक्याची संदर्भपट्टी कपाळावर होती, आणि भुवयांबरोबर कपाळाची कातडी पट्टीला घेऊन वर जात होती. पट्टी अंशभर कलली तर सॉफ्टवेअरला वाटतं डोकं कललं, आणि त्याची भरपाई ते कंडाइलच्या जागेतून करतं. दुसऱ्या दिवशी मी त्याच लोकांना दात घट्ट मिटून फक्त भुवया उंचवायला सांगितल्या. पडद्यावर त्यांचा जबडा हलला. दात मिटलेले होते.

ही चाचणी तुम्ही आजच करा. दात मिटून भुवया उंचवा, दात मिटून गिळा, दात मिटून डोकं दोन्हीकडं वळवा. या तिन्ही वेळी जबड्याची हालचाल शून्य यायला हवी. जे काही शून्याऐवजी येईल, ते तुमच्या मॉडेलचं खरं मोजमाप आहे. कपाळपट्टीऐवजी नाकाच्या कण्यावर आणि कानांवर टेकणारी चौकट थोडी बरी पडते, पण तीही कातडीवरच असते. मी आता वरची खूणपट्टीही वरच्या दातांच्याच बाहेरच्या बाजूला चिकटवते. ओठांना दोन पट्ट्यांची अडचण होते, म्हणून त्या हलक्या आणि पातळ हव्यात.

खालच्या पट्टीबद्दल एकच सांगते, पण जीव तोडून. ती चिकटवून झाल्यावर आर्टिक्युलेटिंग पेपर (दात टेकतील तिथं रंग सोडणारा कागद) घेऊन माणसाला सगळ्या दिशांना घासायला लावा. पट्टीवर किंवा चिकटवण्याच्या रेझिनवर कुठंही रंगाचा ठिपका आला, तर तुम्ही त्या माणसाची हालचाल मोजत नाही, तुमच्या पट्टीनं बदललेली हालचाल मोजता आहात. खोल बाईट असलेल्या लोकांत, जिथं वरचे दात खालच्यांना जवळजवळ झाकतात, हे हटकून होतं.

यंत्र तपासायला तुमच्या विभागातला आर्टिक्युलेटरच पुरे. प्लॅस्टरचे मॉडेल चढवा, कंडाइलचा कोन 30 अंशांवर ठेवा, खूणपट्ट्या चिकटवा, माणसाचं करता तसंच सगळं करा आणि कोन मोजा. मग 45 वर ठेवून पुन्हा. 30 चे 30 आणि 45 चे 45 आले तर उत्तम. दोन अंशांहून जास्त फरक आला तर मी बाराव्या स्वयंसेवकाला बोलावणार नाही. हे सगळं अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि प्रबंधातलं ते सर्वांत भक्कम पान ठरेल.

मॉडेलची आणखी एक फुकटची परीक्षा दातांमध्येच आहे. दात मिटलेल्या फ्रेममध्ये वरच्या आणि खालच्या स्कॅनचे मेश एकमेकांत किती शिरतात ते बघा. जबडा पुढं काढून पुढचे दात टेकलेल्या फ्रेममध्येही बघा. तिथं दात टेकलेले आहेत हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. मॉडेलमध्ये फट असेल किंवा दात एकमेकांत घुसले असतील, तर कंडाइलजवळची चूक त्याहून मोठी आहे असं धरा. सीबीसीटी आणि स्कॅन जुळवताना धातूच्या क्राउनजवळचे भाग वगळा; तिथून निघणाऱ्या पांढऱ्या रेघा जुळणी ओढून नेतात.

आता 7 जणांचा प्रश्न. आधी चिन्ह बघा. सातही जणांत, किंवा सहा जणांत, उजवी बाजूच लांब येते आहे का? मग कारण माणसांत नाही, मांडणीत आहे. कॅमेरा एका बाजूला कलला असेल, किंवा खुर्ची. माणसांमधली खरी असमानता कुणात डावीकडं, कुणात उजवीकडं जाते. नंतर एकाच स्वयंसेवकाची पट्टी तीन वेळा काढून पुन्हा चिकटवा, दर वेळी पाच आ घ्या, आणि शक्य असेल तर आठवड्यानं परत. पट्टी न काढता घेतलेले पाच आ एकमेकांशी सुरेख जुळतात आणि आपली फसगत करतात. पट्टी काढून लावल्यावर पडणारा फरक हाच तुमचा पाया. तो 1.2 मिलिमीटर आला, तर 1 मिलिमीटरच्या असमानतेबद्दल एक शब्दही लिहू नका. दोन मोजमापं एकमेकांशी किती जुळतात ते तपासण्याची ब्लँड आणि ऑल्टमन यांची 1986 ची रीत यासाठीच आहे. आणि डावा-उजवा सांधा ही दोन स्वतंत्र माणसं नव्हेत. 20 जणांचे 40 सांधे म्हणून आकडेमोड केलीत तर परीक्षकानं अडवायलाच हवं.

एवढं करूनही काही जणांत फरक उरेल. तो राहू द्या. एका बाजूनं चावण्याची सवय, दोन्हीकडच्या उंचवट्यांचा वेगळा उतार, कुठंतरी काढलेली दाढ, निरोगी जबड्यात हे सगळं असतं. असमानता म्हणजे आजार नव्हे. डाव्या-उजव्याची, किंवा 20 जणांची, वेळेनुसार सरासरी काढून एक गुळगुळीत मार्ग मात्र दाखवू नका. कुणी भरभर आ करतं, कुणी सावकाश; त्या सरासरीतून निघणारा मार्ग 20 पैकी एकाचाही नसतो. जबडा किती अंश फिरला हे आडव्या अक्षावर घ्या आणि कंडाइल किती सरकला हे उभ्या, म्हणजे माणसं एकमेकांशी ताडता येतात. कोन देताना तो कुठल्या प्रतलापासून मोजला तेही प्रत्येक तक्त्यात लिहा. फ्रँकफर्ट आणि कँपर या चेहऱ्यावरच्या दोन संदर्भ-प्रतलांमध्ये साधारण 10 अंशांचं अंतर आहे. ते न लिहिल्यामुळे दोन अभ्यास उगाच भांडताना दिसतात.

निरोगी कुणाला म्हणायचं यावर तुम्ही एकच ओळ लिहिली आहे: दुखत नाही. ती पुरेशी नाही. 2014 चे डीसी/टीएमडी निकष (जबड्याच्या सांध्याच्या आणि स्नायूंच्या विकारांचे निदान-निकष) घ्या, त्यातली तपासणी शब्दशः करा, स्नायू दाबून बघा, क्लिक ऐका. उघडण्याचं माप घेताना वरच्या दातांनी झाकलेला भाग त्यात मिळवायला विसरू नका. तरीही सांध्याच्या आत काय आहे ते कळणार नाही. काहीही त्रास नसलेल्या लोकांची एमआरआय काढली, तर जवळपास तिघांत एकाची चकती जागेवरून सरकलेली सापडते. सीबीसीटीत चकती दिसत नाही. म्हणून तुमच्या शीर्षकात ‘निरोगी’ऐवजी ‘लक्षणं नसलेले’ हा शब्द जास्त प्रामाणिक होईल. ज्यांना क्लिक आहे त्यांचे मार्ग वेगळ्या रंगात दाखवा.

आपल्याकडं यात आणखी एक गोष्ट विचारावीच लागते, ती परदेशी निकषांच्या यादीत ठळक नसते. सुपारी, मावा, खर्रा, गुटखा. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि तरीही ओपीडीत रोज काय दिसतं ते तुम्हाला सांगायला नको. सबम्युकस फायब्रोसिसची (सुपारी-गुटख्यानं गालाचं आतलं अस्तर ताठर होण्याच्या रोगाची) सुरुवात असलेल्या तरुणाचा सांधा ठणठणीत असतो, पण गालातले पट्टे आ अडवतात. त्याचा कंडाइल कमी सरकेल आणि तुम्ही ते सांध्याच्या खात्यात टाकाल. उभी तीन बोटं तोंडात मावतात का ते बघा, गालाच्या आतून बोट फिरवा, आणि सवय विचारताना नातेवाइकांना बाहेर बसवा. नाहीतर खरं उत्तर मिळत नाही.

सीबीसीटीबद्दल मला काळजी आहे ती मोकळेपणानं सांगते. ज्याला काही दुखत नाही अशा माणसाला फक्त प्रबंधासाठी किरण देणं मला पटत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नैतिक समितीपुढं धोका आणि फायदा मांडावा लागतो, आणि इथं त्या माणसाला फायदा काहीच नाही. अजून घ्यायच्या असलेल्या 9 जणांसाठी अक्कलदाढ किंवा इम्प्लांटच्या निमित्तानं ज्यांचा सीबीसीटी आधीच काढलेला आहे असे लोक शोधा. अडचण एकच, अशा स्कॅनमध्ये बऱ्याचदा फक्त जबड्याचा तुकडा असतो आणि दोन्ही कंडाइल नसतात, म्हणून आधी जुन्या फाइली उघडून बघा. रेडिओलॉजी विभागाची मदत मिळत असेल तर एमआरआय सगळ्यात चांगला; हाड थोडं धूसर येईल, पण चकती दिसेल आणि किरणांचा प्रश्न मिटेल.

चावण्याची हालचाल घेणार असाल तर तुमच्या यादीतलं च्युइंगगम राहू द्या, त्याची इतरांशी तुलना करता येते. त्याच्या जोडीला भाजलेले शेंगदाणे ठेवा, मोजून. शेंगदाणा फुटताना आणि पिठूळ होताना चावण्याचा घेर कसा बदलत जातो ते बघण्यासारखं असतं. भाकरी मी वापरून पाहिली. घरोघरी तिची जाडी वेगळी, आकडे जुळत नाहीत.

दाब, ताण, चकतीवरचा भार यांत या प्रबंधात शिरू नका. तुमचं मॉडेल कंडाइल कुठं गेला ते सांगतं, त्याच्यावर किती जोर पडला ते सांगत नाही. त्यासाठी स्नायूंचे जोर लागतात, आणि कंडाइल पुढं ओढणारा लॅटरल टेरिगॉइड स्नायू तर कातडीवरच्या इलेक्ट्रोडला सापडतच नाही. ॲमस्टरडॅमला कूलस्ट्रा आणि व्हान आयडेन यांनी, व्हँकुव्हरला हॅनम यांच्या गटानं अशी मॉडेल करण्यात वर्षानुवर्षं घातली आहेत. रंगीत ताणाचे नकाशे सॉफ्टवेअर एका बटणावर देतं, पण त्यातले चकतीचे गुणधर्म तुमच्या स्वयंसेवकाचे नसतात.

तर, सोमवारी त्या दोघांना परत बोलवा. नवीन सीबीसीटी नको, जुनाच वापरा. कपाळपट्टी काढून वरची खूणपट्टी दातांवर चिकटवा, भुवयांची चाचणी घ्या, मग पाच आ. कंडाइल हाडाबाहेर आला तर बाकीच्या नऊ जणांचंही मोजमाप याच रीतीनं पुन्हा करावं लागेल. जुने आकडे परिशिष्टात ठेवा आणि काय बदललं ते लिहा. नाही आला, तर दात मिटलेल्या फ्रेममधले मेश एकमेकांत किती शिरतात तो आकडा आणि सीबीसीटी कुठल्या बाईटमध्ये काढला होता ते मला कळवा. स्कॅनच्या वेळी दात नीट मिटलेले नसतील तर कंडाइलची सुरुवातच चुकीच्या जागेवरून होते, आणि माझा पुढचा संशय तोच आहे.